आधी पगाराचा कागद, मग व्हिसा

तारापूरचं अणुवीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा ये-जा उलट्या दिशेने होती. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानंतर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्यांचे अमेरिकी इंजिनिअर या किनाऱ्यावर आले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये पहिले दोन संच रीतसर वीज पुरवू लागले. आता शेजारच्या बोईसरमध्ये (जि. पालघर) चौकशी असते ती इथून तिकडे जाण्याची. मुलगा डिप्लोमा झालेला, एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीत बॉयलरवर दोन-तीन वर्षं काढलेली, आणि मोबाइलवर आलेली जाहिरात: पॉवर प्लांट ऑपरेटर हवेत, व्हिसा कंपनीचा, राहणं-खाणं फ्री. आईवडील पहिल्यांदा विचारतात, एजंट किती घेतो. मग विचारतात, पगार किती. तो पगार कुणी आणि कशावरून ठरवला, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण बऱ्याच खोट्या जाहिराती त्या एका प्रश्नाशीच अडखळतात.

अमेरिकेत परदेशी माणसाला नोकरीवर ठेवणाऱ्या कंपनीला मनाला येईल तो पगार देता येत नाही. त्या भागात, त्या कामाला, तितक्या अनुभवाच्या माणसाला जो दर चालू आहे, त्याला तिथे ‘प्रिव्हेलिंग वेज’ म्हणतात. एच-वन-बी व्हिसावर आलेल्याला हा दर किंवा कंपनी आपल्या तशाच इतर कामगारांना देते तो पगार, यांपैकी जो जास्त असेल तो द्यावा लागतो. ग्रीन कार्डासाठी कंपनी अर्ज करते तेव्हा तर अमेरिकेचं कामगार खातं आधी हा दर लेखी ठरवून देतं, आणि त्याहून कमी पगार कागदावर दाखवताच येत नाही.

हा नियम परदेशी कामगाराच्या कळवळ्यातून आलेला नाही, हे पालकांनी लक्षात ठेवलेलं बरं. चालू दराची कल्पना अमेरिकेत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याने रुजली. बाहेरच्या राज्यांतून स्वस्तात मजूर आणून सरकारी बांधकामं करणाऱ्या कंत्राटदारांमुळे स्थानिकांचे दर पडत होते, ते थांबवण्यासाठी तो कायदा झाला. व्हिसाच्या नियमांमागेही तोच हिशोब आहे: आधी तिथल्या कामगाराची भाकरी सांभाळायची. बोईसरच्या मुलाला त्याचा फायदा आडवाटेने मिळतो. पण मिळतो, आणि मुख्य म्हणजे हे दर कुणालाही पाहता येतात. अमेरिकी कामगार खात्याच्या ‘फ्लॅग’ या संकेतस्थळावर कामाचा सांकेतिक क्रमांक आणि जिल्हा टाकला की आकडे समोर येतात. दरवर्षी १ जुलैला ते बदलतात. पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही.

हा दर तीन गोष्टींवर ठरतो: काम, ठिकाण आणि पातळी. कामाच्या बाबतीत आपल्याकडची मुलं हमखास फसतात. अमेरिकी वर्गीकरणात वीज केंद्र चालवणाऱ्याचा क्रमांक ५१-८०१३, अणुभट्टी चालवणाऱ्याचा ५१-८०११, आणि कारखान्यातला बॉयलर, कॉम्प्रेसर वगैरे सांभाळणाऱ्याचा ५१-८०२१. तारापूर एमआयडीसीत रंग, औषधं आणि कापडाच्या कारखान्यांना वाफ पुरवणारा मुलगा स्वतःला ‘पॉवर प्लांटवाला’ म्हणवतो, एजंटही त्याला तसंच म्हणतो. तिकडच्या हिशोबात तो तिसऱ्या खान्यात पडतो आणि तिथला दर वेगळा असतो. ज्याच्या अनुभवपत्रात टर्बाइन, जनरेटर, ग्रिडशी सिंक्रोनायझेशन, डीसीएसवरून लोड घेणं असं प्रत्यक्ष काम लिहिलेलं आहे, त्यालाच पहिला खाना लागू होतो. त्यामुळे नोकरी सोडताना एचआरकडून ‘श्री. अमुक आमच्याकडे काम करत होते’ एवढ्या एका ओळीचं पत्र घेऊन निघू नये. बॉयलर किती टनाचा, दाब किती, शिफ्ट स्वतः सांभाळत होता की मदतनीस होता, हे सगळं पत्रात यायला हवं. पुढे पाच वर्षांनी कंपनी बंद पडली किंवा मालक बदलला, तर हे पत्र परत मिळत नाही.

ठिकाणाचं सोपं आहे. एकाच कामाचा दर कॅलिफोर्नियात एक आणि मिसिसिपीत दुसरा. पातळ्या चार असतात, नवख्यापासून पूर्ण जाणत्यापर्यंत. सर्वेक्षणातल्या पगारांची चढती रांग लावली, तर पहिली पातळी साधारण खालून सतराव्या टक्क्यावर येते, तिसरी बरोबर मध्यावर आणि चौथी सदुसष्टाव्या टक्क्याजवळ. वीज केंद्र चालवणाऱ्यांच्या गटाचं मध्यम वेतन अमेरिकेत वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास आहे. तेव्हा कुणी ‘अमेरिकेत ऑपरेटर, महिना दीड हजार डॉलर’ म्हणत असेल, तर तो गृहस्थ नोकरी सोडून दुसरंच काही विकतो आहे.

आता कटू भाग. एच-वन-बीसाठी त्या कामाला विशिष्ट विषयातली पदवी अनिवार्य असावी लागते. ऑपरेटरचं काम तिकडेही बारावी, डिप्लोमा आणि कामावरच्या प्रशिक्षणावर चालतं, त्यामुळे ते या व्हिसात सहसा बसत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून येणाऱ्यासाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जावर कंपनीला एक लाख डॉलरचा आकार लावण्यात आला. ऑपरेटरसाठी एवढी रक्कम कोण मोजणार? उरतो तो कुशल कामगारांचा ‘ईबी-थ्री’ हा ग्रीन कार्डाचा मार्ग. त्याला किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव पुरतो, पण भारतीयांची रांग अशी की २०२५ मध्ये २०१३ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. बावीस वर्षांच्या मुलाने आज नाव घातलं तर काय होईल, ते घरच्यांनीच मोजावं. या मार्गात कामगार खात्याच्या दाखल्याचा आणि त्यासाठीच्या वकिलाचा खर्च कंपनीने कामगाराकडून घ्यायचा नाही, असा २००७ पासून स्पष्ट नियम आहे. ‘लेबर सर्टिफिकेटचे पाच लाख’ मागणारा माणूस बेकायदा पैसे मागत असतो.

नियम कागदावरच राहतात, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. मुंबईतून उभ्या राहिलेल्या पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सला अमेरिकी कामगार खात्याच्या तपासानंतर २००७ मध्ये एच-वन-बीवरच्या ६०७ कर्मचाऱ्यांना मिळून २४ लाख डॉलरहून अधिक थकीत पगार द्यावा लागला. तिथे माणसं सॉफ्टवेअरची होती, कागदपत्रं जाणणारी होती.

दुसरी गोष्ट वेल्डर आणि पाइपफिटरांची, म्हणजे बोईसरला जवळची. कॅटरिना वादळानंतर २००६ च्या सुमारास सिग्नल इंटरनॅशनल या जहाजबांधणी कंपनीने मिसिसिपीतल्या पास्कागूला आणि टेक्ससमधल्या गोद्यांसाठी भारतातून सुमारे ५०० माणसं नेली. भरतीची एक बाजू मुंबईतल्या एजन्सीकडे होती. माणसांनी दहा ते वीस हजार डॉलर मोजले, कुणी जमीन विकून, कुणी दागिने मोडून, कारण त्यांना ग्रीन कार्डाचं वचन दिलं होतं. हातात पडला तो मात्र काही महिन्यांपुरता तात्पुरता एच-टू-बी व्हिसा. एकेका खोलीत चोवीस जण, आणि त्या राहण्या-खाण्याचे महिन्याला १०५० डॉलर कापले जात. २००८ मध्ये कामगार कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच जणांच्या बाजूने १ कोटी ४१ लाख डॉलरचा निकाल दिला आणि त्याच वर्षी कंपनीने दोन कोटी डॉलरची तडजोड करून दिवाळखोरी जाहीर केली. न्याय मिळाला, पण नऊ वर्षांनी. ताशी दर कितीही चांगला दाखवला, तरी त्यातून काय काय कापणार हे करारात नसेल, तर त्या दराला अर्थ नाही, हे या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे.

प्रत्यक्षात पालघर जिल्ह्यातून निघणाऱ्या ऑपरेटरचा रस्ता अमेरिकेपेक्षा आखाताकडे जास्त जातो. कामही तिथे भरपूर आहे. वीज तयार करणारी आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी केंद्रं बऱ्याचदा एकत्र चालतात. अबुधाबीतल्या बराका अणुवीज केंद्राचे चार संच सप्टेंबर २०२४ पर्यंत सुरू झाले. त्यातला एकेक संच १४०० मेगावॅटचा, म्हणजे तारापूरच्या चारही संचांच्या क्षमतेएवढा. पण अमेरिकेसारखा कामनिहाय, जिल्हानिहाय चालू दर आखातात नाही. कतारने मार्च २०२१ पासून सगळ्यांना लागू असं किमान वेतन आणलं: महिना १००० रियाल, शिवाय मालकाने राहण्या-जेवणाची सोय केली नाही तर ५०० आणि ३००. हा तळ झाला. प्रशिक्षित ऑपरेटरची किंमत त्यात दिसत नाही.

आखाती देशांसाठी भारत सरकार स्वतः एक किमान वेतन ठरवतं आणि त्याखालच्या पगारावर तिकडे जाण्याची मंजुरी देत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने हे आकडे बरेच उतरवले होते. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते पूर्ववत झाले. पण इथे एक मेख आहे. ही मंजुरी लागते ती ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्क्याच्या पासपोर्टला, आणि दहावी पास माणसाचा पासपोर्ट त्या शिक्क्याविना निघतो. म्हणजे आठवी शिकलेल्या हेल्परच्या पगारावर सरकारची नजर आहे, आणि डिप्लोमा झालेल्या ऑपरेटरने आपली नजर आपणच ठेवायची. शिकलेल्या मुलाचे आईवडील याच बाबतीत गाफील राहतात. मुलगा शिकलेला आहे, त्याला कोण फसवणार, असं त्यांना वाटतं.

कॅनडाचं गणित वेगळं. तिथे एलएमआयए या परवानगीसाठी कंपनीला त्या प्रांतातल्या त्या कामाचा दर द्यावा लागतो, आणि सरकारी ‘जॉब बँक’ तो दर उघड छापते. अर्जाची १००० डॉलर फी कंपनीने भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही. अडचण प्रमाणपत्राची. तिकडे ‘पॉवर इंजिनिअर’ चौथ्या वर्गापासून पहिल्यापर्यंत परीक्षा देत चढतो आणि परवाना प्रांताचा असतो. महाराष्ट्राच्या बाष्पके संचालनालयाचं सेकंड क्लास किंवा फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र तिथे परवाना म्हणून चालत नाही. अनुभवाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं. अणुभट्टीच्या बाबतीत तर परवाना त्या-त्या केंद्रापुरताच असतो. अमेरिकेतही एका केंद्राच्या कंट्रोल रूमचा परवाना दुसऱ्या केंद्राला आपोआप लागू होत नाही.

या सगळ्याची तुलना घराजवळच्या आकड्याशी करायलाच हवी, आणि ती बहुतेक घरांत होत नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलच्या अलीकडच्या जाहिरातींत बारावी विज्ञान झालेल्या १८ ते २४ वयाच्या मुलाला ऑपरेटर-प्रशिक्षणार्थी म्हणून पहिल्या वर्षी २०,००० आणि दुसऱ्या वर्षी २२,००० रुपये विद्यावेतन आहे. नंतर टेक्निशियन-बी, मूळ पगार २१,७०० आणि वर महागाई भत्ता. डिप्लोमावाल्याला विद्यावेतन २४,००० आणि २६,०००, मग सायंटिफिक असिस्टंट-बी म्हणून मूळ पगार ३५,४००. (उंची किमान १६० सेंटिमीटर आणि वजन ४५.५ किलो लागतं, हे परीक्षेची तयारी करण्याआधी पाहून घ्यावं. नंतर समजलं की मूल हिरमुसतं.) दुबईतले १५०० दिरहम म्हणजे साधारण डिप्लोमावाल्याच्या या मूळ पगाराएवढेच रुपये होतात, आणि त्यात तिथला मोबाइल, जेवण, वर्षाचं तिकीट कुणाचं ते धरायचं राहिलेलंच असतं. जागा थोड्या आणि अर्ज फार, हे खरं. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या संचांसाठी गाव सोडलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या माणसांसमोर केंद्रातल्या नोकरीची गोष्ट कुणी सहज काढू नये. पण एमआयडीसीत राहून आयटीआयच्या एओसीपीनंतर (अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट) बॉयलरचं सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास, आणि पुढे बीओई (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर) अशी चढण आहे. नागपूरच्या राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेत औष्णिक केंद्राचे अभ्यासक्रम आहेत, आणि डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. परदेशात दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचा दर मागायचा असेल, तर हीच वर्षं कामी येतात.

जाहिरात खरी वाटलीच, तर एजंटचा परवाना क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. सायंटिफिक असिस्टंटच्या महिन्याच्या मूळ पगाराएवढाच आकडा. पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी. करारात मालकाचं नाव, मूळ पगार आणि भत्ते वेगळे, ड्युटी आठ तासांची की बाराची, ओव्हरटाइमचा दर आणि कपाती लिहिलेल्या असाव्यात. व्हिसावरचा हुद्दा आणि करारातला हुद्दा एकच असावा. ‘ऑपरेटर’चा करार आणि ‘लेबर’चा व्हिसा ही जोडी दिसली की एजंटकडून पासपोर्ट परत मागावा. शंका असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे. जाताना कराराची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे दिले असतील तर त्याची पावती सोबत न्यावी.