दारावरची खूण

गेल्या सत्रात मी डॉर्मिटरीचा प्रिफेक्ट होतो. आमच्यातल्या एका ज्युनिअरला दमा आहे. त्याचा जादा इन्हेलर माझ्या कपाटात असे. फुटबॉल सामन्यासाठी मी बाहेरगावी गेलो आणि त्याच रात्री त्याला धाप लागली. त्याच्याजवळचा इन्हेलर संपला होता आणि दुसरा कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ड्युटीवरच्या सरांनी त्याला धावतपळत एमआय रूममध्ये नेले, म्हणून निभावले. मी परतल्यावर हाउस मास्टरांनी एकच प्रश्न विचारला, "तू नसताना तुझी माहिती कुठे असते?"

याचे उत्तर मला पल्स पोलिओ मोहिमेत सापडले. भारतात ही मोहीम १९९५ साली सुरू झाली. बूथवर डोस पाजून झाले की पथके घरोघर जात. डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीला शाई लावत. घरातल्या पाच वर्षांखालील सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर 'पी' लिहीत. एखादे मूल राहिले असेल तर 'एक्स'. सोबत तारीख आणि पथकाचा क्रमांक असे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला, तरी काम कुठे अडले ते त्याला दारावरच कळे.

संध्याकाळी बैठक होई. 'एक्स' घरांची यादी कारणांसह मांडली जाई: घराला कुलूप, मूल गावी गेलेले, पालकांचा नकार. कारणानुसार उपाय ठरे. कुलूप असेल तर पुन्हा फेरी. नकार असेल तर त्या वस्तीचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत. राहिलेले घर लपवले असते, तर ते मूल कायमचे राहून गेले असते.

वन्य पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला.

यातून मी तीन गोष्टी शिकलो. माहिती डोक्यात न ठेवता सर्वांना दिसेल अशा जागी लिहावी. झालेल्या कामाआधी राहिलेले काम सांगावे. आणि 'राहिले' एवढ्यावर न थांबता 'का राहिले' तेही नोंदवावे.

आता आमच्या डॉर्मिटरीच्या दाराशी एक वही टांगलेली आहे. रोज रात्री हजेरीनंतर ती मोठ्याने वाचली जाते. पहिल्या पानावर इन्हेलरची जागा लिहिली आहे.