तीन इंजिनं मागितली, दोन आली

प्रश्न: आमचा घरघंटी बनवण्याचा छोटा कारखाना आहे. नवं मॉडेल काढायचं ठरलंय. साहेब म्हणतात, ‘आधी काय हवंय ते एका पानावर लिहून काढा, मगच ड्रॉइंगला हात लावा.’ असं आधीच लिहून ठेवलं तर डिझाइन करणाऱ्यांचे हात बांधले जात नाहीत का? – एक वाचक, भोसरी

उत्तर: जातात की! ते कुठे बांधायचे आणि कुठे मोकळे सोडायचे, हे ठरवायलाच तर तो कागद असतो. याचा मला सर्वांत आवडणारा नमुना विमानांच्या दुनियेतला आहे.

२ ऑगस्ट १९३२ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीच्या जॅक फ्राय यांनी डग्लस आणि इतर काही कारखानदारांना छोटंसं पत्र धाडलं. सोबत नव्या प्रवासी विमानाच्या अपेक्षांचा कागद. निकड मोठी होती. आदल्या वर्षी कंपनीचं लाकडी पंखांचं फोकर विमान कोसळलं होतं आणि बोइंगचं नवं धातूचं विमान युनायटेड या प्रतिस्पर्धी कंपनीनं आधीच अडवून ठेवलं होतं.

कागदात तीन इंजिनं, किमान १२ प्रवासी, १,०८० मैलांचा पल्ला वगैरे होतंच. पण सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नव्हत्या. पूर्ण धातूचं एकपंखी विमान असल्यास उत्तम, दुपंखीचाही विचार करू. मुख्य सांगाडा मात्र धातूचाच हवा. आणि एका अटीत तर अजिबात सूट नव्हती: पूर्ण भरलेलं विमान कोणत्याही दोन इंजिनांवर, कंपनीच्या कोणत्याही विमानतळावरून व्यवस्थित उडालं पाहिजे. त्यात अल्बुकर्कही आलं. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच, त्यात उन्हाळा कडक. तिथल्या विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो आणि पंखांची उचलही.

डग्लसच्या लोकांनी नाकावरचं तिसरं इंजिनच काढून टाकलं. वैमानिकासमोरचा आवाज आणि थरथर गेली. मग टीडब्ल्यूएचे सल्लागार चार्ल्स लिंडबर्ग अडून बसले: दोनच इंजिनं ना, मग एकावर उडवून दाखवा. १९३३ मध्ये डग्लसच्या त्या विमानानं, डीसी-१नं, विन्स्लो विमानतळावरून उडतानाच एक इंजिन बंद ठेवून अल्बुकर्क गाठलं. (याच घराण्यातलं डीसी-३ म्हणजे आपलं डकोटा. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला फौज उतरवली ती याच विमानांनी.)

म्हणजे इंजिनांचा आकडा बदलला, खरी अट मात्र टिकली. पुष्कळ कागद नेमके याच्या उलटे लिहिलेले असतात. जे डिझाइनरनं शोधायचं ते आधीच ठोकून दिलेलं, आणि खरी अट ‘दर्जेदार’, ‘वापरायला सोपं’ अशा गुळमुळीत शब्दांत.

तेव्हा ‘मोटर एक हॉर्सपॉवरची’ ही ओळ पसंतीत टाका. ‘पहाटे दळण लावलं तरी शेजारच्या खोलीतलं तान्हं उठता कामा नये’ ही अटीत. तिला आकडा जोडा: किती डेसिबल, किती फुटांवरून, डब्यात गहू असताना की ज्वारी. आणि मोजणी रिकाम्या शेडमध्ये करायची की फरशीच्या छोट्या स्वयंपाकघरात, हे त्याच ओळीत लिहा. दोन्हीकडे आकडा वेगळा येईल.