आधी पंपापाशी जा

बाळा, दारातली मॅसी आता तूच चालवणार, तर तिच्या रेसच्या लिव्हरचं आबांनी मला जे शिकवलं ते तुला सांगून ठेवतो. टाफे कंपनी मद्रासला 1960 साली निघाली, महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी 1963 ला. त्यांच्या मॅसी आणि बी-275 आल्या तेव्हा आबांच्या पिढीनं बैलांचा नांगर बाजूला ठेवला. त्या गाड्यांचं इंजिन दमदार असतं, नीट सांभाळली तर दुसऱ्या पिढीलाही पुरते. अशी गाडी निव्वळ रेस धरत नाही म्हणून कुणी भंगारात घालायला निघालं की मला बघवत नाही. बहुतेक वेळा ते अर्ध्या दिवसाचं काम असतं.

लिव्हरला दोष देण्याआधी पंपापाशी जायचं, हा आबांचा पहिला धडा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला. डिझेल पंपाच्या आर्मला रेसचा रॉड जिथं जोडलाय तिथली पिन काढून रॉड बाजूला कर. मग आर्म बोटानं हलवून बघ. सुरळीत फिरला तर पंपाला हात लावू नकोस. दुखणं रॉडात, सांध्यात नाहीतर वर लिव्हरपाशी आहे. आर्मच जड जात असेल तर पंप उतरवून पंपवाल्याकडं न्यायचा. घरी खोलायचा नाही. आतले भाग इतके मापात बसलेले असतात की बारीक कचरासुद्धा त्यांना चालत नाही.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार. रेस लावून थ्रेशर चालू केला, आणि घटकाभरात इंजिनचा आवाज खाली बसला. लिव्हर बघावी तर ती हादऱ्यानं आपली आपण खाली सरकलेली. लिव्हर जागेवर धरून ठेवतो तो तिच्या बुडाशी असलेला फायबरचा वायसर आणि त्याला दाबणारी स्प्रिंग. वायसरला तेल लागलं, तो झिजला किंवा नट ढिला झाला की पकड जाते. पुष्कळजण इथंच चुकतात: लिव्हर कुरकुरते म्हणून तिथं तेल सोडतात. बाकी सगळ्या सांध्यांना ग्रीस हवं, पण या एका जागेला कोरडंच ठेवायचं. खोल, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसून काढ, सुकू दे. वायसर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर खरखरीत पॉलिश पेपरवर दोन हात फिरव. पातळ झाला असेल तर नवाच टाक. मग नट थोडा थोडा आवळत जा आणि दरवेळी लिव्हर ओढून बघ. दोन बोटांनी हलली पाहिजे, पण सोडली की तिथंच राहिली पाहिजे. एकदम करकचून आवळलास तर वरचा दांडा वाकतो.

दुसरी तक्रार अशी की लिव्हर पूर्ण ओढली तरी फुल रेस येत नाही, गाडी नांगराला दम टाकते. यासाठी दोन माणसं लागतात. इंजिन बंदच. एकानं सीटवर बसून लिव्हर पूर्ण ओढायची, दुसऱ्यानं पंपाकडं बघायचं. आर्म वरच्या स्टॉप स्क्रूला टेकला पाहिजे. लिव्हर परत आणली की खालच्या, म्हणजे हळू रेसच्या स्क्रूला टेकला पाहिजे. वर टेकत नसेल तर रॉडच्या टोकाचा चेकनट सैल करून बॉल जॉइंट अर्धा फेरा फिरव, पुन्हा बघ. आणि इथं नीट ध्यान दे: वर जुळवलं की खाली सुटतं, खाली जुळवलं की वर सुटतं, असं व्हायला लागलं तर लांबीशी झटणं सोड. सांध्यांत खेळ पडलाय. लिव्हरची अर्धी चाल झिजलेल्या पिना आणि लांबुळकी झालेली भोकं खाऊन टाकतात, पंपापर्यंत ती पोचतच नाही. प्रत्येक सांधा चिमटीत धरून हलव, कुठला खडखडतो ते बोटांना लगेच कळतं. भोक वाढलं असेल तर तो तुकडा गाडीवरून काढून वेल्डिंगनं भरून घे आणि पिनेच्या मापाचं भोक पाडून घे.

पिनेच्या जागी खिळा किंवा बांधायची तार घालायची नाही. चालतं म्हणून लोक वर्षानुवर्षं तसंच ठेवतात, आणि तार तुटते ती नेमकी भरल्या ट्रॉलीखाली. पिन घाल, तिला स्प्लिट पिन घाल, टोकं वळव. तसंच तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी ट्यूबची पट्टीही नको. डिझेल लागलं की रबर फुगून सैल होतं.

लिव्हर जड झाली असेल तर आपल्याकडं कारण बहुधा मातीचं असतं. काळ्या रानाची धूळ डिझेलच्या ओलीत बसली की सिमेंटासारखी घट्ट होते. उसाच्या रानातून आलेल्या गाडीत तर पाचटाचे तुकडे रॉडाच्या वळणात जाऊन बसतात. ते आधी हातानं काढ, सांधे डिझेलनं रात्रभर भिजव, सकाळी ब्रशनं धुऊन ग्रीस भर. या धुण्याची वेळ आबांची ठरलेली. आषाढात आपल्या गावात तुकोबांची पालखी येते, मेंढ्यांचं रिंगण होतं, पालखी पुढं सणसरला जाते. गावात माणूस मावत नाही, त्या दिवशी गाडी उभीच असते. रस्ता मोकळा झाला की आबा दुसऱ्या दिवशी गाडी रानात न्यायच्या आधी हे सगळं धुऊन घ्यायचे. मीही तीच वेळ धरली आहे, विसरायला होत नाही.

रेस आपोआप वर-खाली हलत असेल तर लिव्हर सोड, डिझेल फिल्टर आणि पाईपातली हवा बघ. काही जुन्या इंजिनांत हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. मॅनिफोल्डपासून पंपापर्यंत बारीक पाईप जातो. तो चिरलेला किंवा निघालेला असताना इंजिन चालू करायचं नाही. ओढ मिळाली नाही की पंप पूर्ण डिझेल सोडतो आणि इंजिन पळत सुटतं.

म्हणूनच रेसचं काम काढण्याआधी स्टॉपर ओढून इंजिन बंद होतं का ते बघायचं. जुनी डिझेल गाडी चावी फिरवून बंद होत नाही. आणि इंजिन चालू असताना वाकून बघायचंच झालं तर उपरणं आधी काढून ठेव. पंखा आणि पीटीओचा दांडा कापड सोडत नाहीत.

भवानीनगरला छत्रपती कारखान्यावर ऊस घालायला जाशील तेव्हा इंदापूर रस्त्याला लागायच्या आधी हातातली रेस पूर्ण खाली घे आणि पायावर चालव. लिव्हर वर राहिली तर पाय उचलूनही गाडीचा जोर कमी होत नाही, आणि मागं दोन ट्रॉल्या असतात. हातातली रेस थ्रेशरला, पाण्याच्या पंपाला, रोटाव्हेटरला. तिथं मीटरवर पीटीओची 540 ची खूण असते, त्यावर काटा आणून ठेवायचा.

पंपावरच्या वरच्या स्क्रूला सील असतं, ते तोडू नकोस. कुणी म्हणेल दोन आटे फिरवले की ताकद वाढते. ताकद वाढत नाही, इंजिन ठरलेल्या वेगाबाहेर पळतं आणि त्याचं आयुष्य घटतं.

सामान आणायला बारामतीला गेलास तर जुना वायसर आणि जुनी पिन खिशात घालून ने. मॉडेलागणिक माप वेगळं असतं, आणि दुकानात नुसतं नाव सांगून आणलेली वस्तू परत करायला दुसऱ्यांदा जावं लागतं.