बोटांना कळणारा फरक

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी रोज एकच वाद व्हायचा. बाहेर धुकं एवढं, की दारातला सिल्व्हर ओकही दिसू नये. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. आणि नववीतल्या लेकाची भुणभुण सुरू, "आई, या फोनवर गेम 30 एफपीएसवरच चालतो. बाकीच्यांकडे 90, 120 आहे. मी कसा जिंकणार?"

मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "माणसाच्या डोळ्याला सेकंदाला 24 चित्रांच्या वर काही कळत नाही. नवा फोन मागायची निमित्तं आहेत ही."

हे 24 मी कुठं ऐकलं होतं, देव जाणे. पण वापरलं मात्र ठामपणे. आपलं सगळ्यांचंच असं होतं ना? दिवसभराचा शीण असतो, महिन्याचा हिशोब डोक्यात असतो, आणि मूल काही मागायला आलं की हाताला लागेल तो मुद्दा आपण पुढे करतो.

माझं म्हणणं चुकीचं होतं, हे त्यानंच मला दाखवून दिलं. 'तारे जमीन पर' हा 2007 सालचा सिनेमा आमच्या पाचगणीतच, न्यू एरा शाळेत चित्रित झाला. त्यातल्या ईशानची वही आठवते? पानं भरभर उलटली, की चित्रातला मुलगा घरच्यांपासून दूर दूर सरकत जातो. लेकानं तशाच एका रफ वहीच्या कोपऱ्यात चेंडू काढला. आधी थोड्या पानांत, मग तेवढंच अंतर दुप्पट पानांत. पहिला चेंडू टणाटण उड्या मारत गेला, दुसरा सुळकन घरंगळला. "कळलं? पानं म्हणजेच फ्रेम," तो म्हणाला.

ईशानची वही पाहून मी थिएटरात पदर ओला केला होता. घरातली वही मात्र, "तव्यावर पोळी आहे रे," म्हणत दोनदा बाजूला सारली होती. ते अजून मनाला लागतं.

मग एका रविवारी बसलेच. वाईहून त्याचा आतेभाऊ आला होता, त्याच्या फोनचा पडदा 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 चित्रं दाखवणारा. मी पाठ फिरवून बसायची, मुलं सेटिंग बदलायची आणि मी ओळखायचं. 30 आणि 60 मधला फरक मी दर वेळी ओळखला. 30 वर गेममध्ये मान वळवली, की समोरची झाडं अडखळत सरकायची. 60 आणि 120 मध्ये मात्र माझे अंदाजच. लेकानं जवळजवळ सगळे बरोबर सांगितले, तेही स्वतः खेळत असताना. नुसतं शेजारी बसून पाहताना तोही दोनदा चुकला.

माझ्यासाठी हे नवीन होतं. 30 एफपीएसला एक चित्र सेकंदाचे तेहतीस हजारांश... नाही, सोपं करून सांगते. सेकंदाचे हजार भाग केले, तर 30 ला प्रत्येक चित्र सुमारे 33 भाग थांबतं, 60 ला 17 आणि 120 ला 8. म्हणजे बोट फिरवल्यावर त्याचा परिणाम पडद्यावर तेवढा लवकर दिसतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून हे निसटलं, तरी खेळणाऱ्याच्या बोटांना ते जाणवतं. आपण मागे उभं राहून, "मला तर काहीच फरक दिसत नाही," म्हणतो तेव्हा आपण खोटं बोलत नसतो. पण मूलही खोटं बोलत नसतं.

सिनेमाला 24 पुरतात त्याचं कारण निराळं. 1920 च्या दशकाअखेरीस बोलपट आले, आवाजासाठी फिल्म एका ठराविक वेगानं पळवणं भाग पडलं, तेव्हा 24 हा आकडा रूढ झाला. शिवाय कॅमेऱ्यात हलणारी वस्तू किंचित पुसट उमटते, त्यामुळे डोळा ती जोडून घेतो. गेममधलं चित्र बहुधा कोरीव असतं, म्हणून तुटकपणा जास्त खुपतो.

ते आकडे पुन्हा पाहिले, की आणखी एक गोष्ट कळते. 30 वरून 60 वर गेलं की सुमारे 17 भाग वाचतात, 60 वरून 120 वर गेलं की सुमारे 8, आणि 240 वर गेलं तरी आणखी चारच. किंमत मात्र उलटी चढत जाते. हे मी उपदेश म्हणून सांगितलं नाही. कागदावर त्यानंच वजाबाकी केली आणि गप्प बसला.

फोन आम्ही घेतला नाही. आमच्याकडे स्ट्रॉबेरीची रोपं लावायचे दिवस जवळ आले होते, म्हणजे पैसा नुसता बाहेर जायचा काळ. हेही त्याला खरं ते सांगितलं. तो खेळतो त्या बीजीएमआय गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स 'स्मूथ'वर आणल्यावर आमच्याच फोनवर 60 ची सोय निघाली. चित्र थोडं साधं दिसतं, पण हलतं छान. आणि ज्याला तो लॅग म्हणायचा, त्यातलं निम्मं नेटवर्कचं होतं. आपल्या डोंगरातल्या पावसात सिग्नलच धरत नाही, तिथं महागडा फोन काय करणार? तुमच्याही घरी हा विषय निघाला, तर दुकानात जायच्या आधी एवढं तपासून पाहा. मुलाच्या शेजारी बसून पाहिलंत, तर आणखी बरं.

कारण बसल्यावरच खरं बाहेर येतं. त्या रविवारी रात्री अंथरुणात तो म्हणाला, "आई, मी हरतो ते माझ्यामुळे की फोनमुळे, तेच मला कळत नाही."

पोटात कालवलं माझ्या. आमच्या गावात ही तुलना जरा जास्तच आहे. वर्गात हॉस्टेलची मुलं असतात, सुट्टीत मुंबई-पुण्याला घरी जातात, तिथं मोठ्या मॉनिटरवर खेळतात. आमची मुलं इथं बापाच्या जुन्या फोनवर. त्यांच्या बरोबरीनं बसतात, उठतात, पण अशा बारीकसारीक गोष्टींतून त्यांना आपली पायरी दाखवली जाते. आपल्याला वाटतं हट्ट आहे, स्क्रीनचं वेड आहे. मला ती भीती आजही आहे, आणि रात्री दहानंतर फोन माझ्या उशाशी असतो. पण त्या रात्री तो फोन मागतच नव्हता.

हॉस्टेलच्या आउटिंगच्या रविवारी त्याच्या वर्गातल्या हॉस्टेलच्या एका मित्राला मी जेवायला बोलावलं. भजी तळत होते, पोरं ओट्यापाशीच बसली होती. एकाच फोनवर, पाळीपाळीनं. मित्र लागोपाठ तीनदा बाद झाला, चेहरा उतरला त्याचा.

लेक त्याच्याकडे ताटली सरकवत म्हणाला, "अरे, या फोनवर पहिल्यांदा असंच होतं. हात बसायला वेळ लागतो. थांब, सेन्सिटिव्हिटी बदलून देतो."