ग्रंथ उरतो, ग्रंथकार हरवतो

हेतू : थोर विद्वानांची माहिती तुटपुंजी का राहते, हे विद्यार्थ्यांस समजावे व नोंद ठेवण्याची सवय त्यांस लागावी.

विवेचन : विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. व्यवसाय मिठागरांचा; परंतु जुन्या पोथ्या मिळविणे, तपासणे व छापणे हे त्यांचे खरे जीवितकार्य होय. त्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथात प्राचीन कवींची ओळख होते; त्या कवींचा शोध घेणारा गृहस्थ कसा राहत होता, हे मात्र ग्रंथावरून कळत नाही. अशा विद्वानांच्या बाबतीत पुढील कारणे संभवतात.

१. अध्यापकाची सेवानोंद राहते. पोटाचा व्यवसाय सांभाळून संशोधन करणाऱ्याची नोंद कोणतीही कचेरी ठेवीत नाही.

२. स्वतःविषयी लिहिणे जुन्या पिढीस अप्रशस्त वाटे.

३. घरी राहिलेले कागद कोकणातील दमट हवा, वाळवी व घराच्या वाटण्या यांमुळे नाहीसे होतात.

४. माहितगार मंडळी हयात असताना त्यांस कोणी विचारीत नाही.

यांपैकी चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. तरीही तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी त्यांस पाहिले-ऐकले होते त्यांस विचारून आठवणी जमविल्या. म्हणूनच ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले.

वर्गकार्य : इयत्ता ६ वी व ७ वीच्या विद्यार्थ्यांनी गावातील निवृत्त शिक्षक, कीर्तनकार, वैद्य किंवा पोथ्या जपणारे वृद्ध यांपैकी एकाची माहिती, त्यांच्या संमतीने, लिहून काढावी. सांगणाऱ्याचे नाव, दिनांक व ‘स्वतः पाहिले की ऐकले’ हे प्रत्येक नोंदीखाली असावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडल्यास दोन्ही लिहावे. शाळेचे जनरल रजिस्टर पडताळावे. मात्र दाखला नसलेल्या मुलाची जन्मतारीख १ जून लिहिण्याचा प्रघात पुष्कळ शाळांत होता, हे ध्यानी ठेवावे. कल्याण-डोंबिवलीकडील शाळांनी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयास (स्थापना १८६४) भेट द्यावी. नोंदीची एक प्रत शाळेत, एक त्या घरी ठेवावी.

हे काम शिक्षकांनी पुढील वर्षावर टाकू नये. वही पुढील वर्षीही मिळेल. सांगणारा मिळेलच असे नाही.