विचारल्याशिवाय कसे कळणार?



"तुम्ही ख्रिश्चन ना? मग इतकं छान मराठी कसं बोलता?" मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, एवढेच. वसईत पिढ्यान्‌पिढ्या सामवेदी, वाडवळी आणि मराठी बोलत आलेले ख्रिस्ती त्याला ठाऊकच नसतात. आपण हसून उत्तर देतो, पण मनाला थोडे लागतेच.

आज हाच प्रश्न आपण स्वतःकडे वळवू या. आपणही इतरांविषयी असेच गृहीत धरून चालतो का?

आमच्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी झारखंडहून कामासाठी आलेल्या एका कुटुंबातील आजी वारली. आम्ही तातडीने धावून गेलो. शवपेटी, फुले, कबर, गायनवृंद ही सारी व्यवस्था काही तासांत झाली. अंत्यविधीची मिस्सा मराठीत झाली, गीते आपली नेहमीचीच. परक्या गावात कोणी नसलेल्या कुटुंबाला आपण आधार दिला, याचे आम्हाला समाधान वाटले.

पुढे लहान ख्रिस्ती समूहाच्या एका बैठकीत त्या आजीची सून हळूच म्हणाली, की सासूबाईंना सादरी भाषेतले एक भजन फार आवडायचे. ते कबरेपाशी म्हणायचे राहून गेले. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "किसी ने पूछा ही नहीं. और आप लोग इतना कर रहे थे, बोलते कैसे?"

आमच्या मदतीत खोट नव्हती. पण देणारे आम्ही, घेणारी ती. आमच्या उपकारानेच तिचे तोंड बंद केले होते. त्या वेळी एक साधा प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता?

सांस्कृतिक नम्रता म्हणजे काय?

१९९८ साली कॅलिफोर्नियातील मेलनी टरव्हॅलॉन आणि जॅन मरी-गार्सिया या दोन महिला डॉक्टरांनी एका लेखात 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली. त्यांनी दिलेले एक उदाहरण बोलके आहे. लॅटिन अमेरिकी वंशाची एक स्त्री शस्त्रक्रियेनंतर वेदनेने तळमळत होती. त्याच वंशाच्या एका डॉक्टरने ते परिचारिकेच्या लक्षात आणून दिले. परिचारिकेने सांगितले, की हे लोक दुखणे वाढवून दाखवतात, असे आपण अभ्यासक्रमात शिकलो आहोत. डॉक्टरचे म्हणणे तिला पटेना आणि समोरच्या बाईच्या वेदनेकडेही तिचे लक्ष जाईना.

परिचारिका अडाणी नव्हती. उलट तिला 'माहीत' होते, आणि त्या माहितीनेच तिचे डोळे झाकले. म्हणून या दोघींनी तीन गोष्टींवर भर दिला: स्वतःला आयुष्यभर तपासत राहणे, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने आपला वरचढपणा ओळखून तो कमी करणे, आणि ज्यांची सेवा करायची त्यांना बरोबरीचे भागीदार मानणे.

पहिल्या ख्रिस्तसभेचा धडा

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाचा सहावा अध्याय उघडून पाहा. यरुशलेममधील ग्रीक बोलणाऱ्या श्रद्धावंतांनी तक्रार केली, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना कृतघ्न ठरवले नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सात जणांची निवड करायला लावली. स्तेफन, फिलिप आणि इतर पाच जण: या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! तक्रार ऐकून घेऊन ते थांबले नाहीत. कारभारही अशा माणसांच्या हाती सोपवला.

आपल्या धर्मग्रामातील समित्यांची यादी आपण अशा नजरेने कधी वाचली आहे का?

कामावर आणि वस्तीत

कार्यालयात शेजारी बसणाऱ्याचे नाव नीट उच्चारायला शिकणे, ही पहिली पायरी. रोजा ठेवणाऱ्या किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्या सहकाऱ्याची थट्टा करण्याऐवजी, पार्टी ठरवण्यापूर्वी त्याची सोय विचारावी. गुड फ्रायडेला आपल्याला सुट्टी हवी असते, तशी त्यालाही त्याच्या सणाला हवी असते. आपण साहेब असू तर अधिक जपावे, कारण हाताखालचा माणूस नाराजी बोलून दाखवत नाही.

वस्तीत सुतारकाम करणारा, इमारतीचा पहारेकरी, घरकामाला येणारी आदिवासी ताई यांना 'ए भय्या', 'ए बाई' न म्हणता नावाने हाक मारावी. मिस्सा संपण्यापूर्वी कोणी मागच्या दाराने निघून गेला, तर त्याला भक्ती नाही असे लगेच ठरवू नये. कदाचित त्याच्या ड्युटीची वेळ झालेली असेल.

विचारले, की उत्तर ऐकण्याची तयारीही हवी. "तुमची मदत नको" असेही उत्तर मिळू शकते. नम्रतेची खरी परीक्षा तेथेच होते.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्याविषयी कोणी चुकीचे गृहीत धरले, तेव्हा आपल्याला काय वाटले?
२. आपल्या वाडीत बाहेरून आलेली किती कुटुंबे आहेत? त्यांपैकी कितींच्या घरी आपण गेलो आहोत?
३. कोणत्या कामात आपण त्यांना न विचारताच त्यांच्यासाठी ठरवतो?

येत्या २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण कबरस्थानात जमू. त्याआधी आम्ही त्या सुनेच्या घरी जाणार आहोत. ते भजन तिला त्या दिवशी म्हणायला आवडेल का, हे ठरवायला नव्हे, तर विचारायला.