काट्यावरचे वजन आणि कमरेचा घेर



आमचे नेहमीचे बोलणे लागण, खते आणि तोडणीचे. पण गटागटांतून फिरताना ऐन चाळिशीत शुगरची गोळी घेणारे शेतकरी भेटतात, म्हणून आज लठ्ठपणाविषयी लिहीत आहोत.

उसाला युरिया जादा झाला की पीक दांडगे दिसते. पण ऊस लोळतो नि उतारा घटतो. शरीराचेही तसेच. खाल्लेले कामात खर्ची पडले नाही, तर शिल्लक चरबी होऊन साठते. मोट, नांगर, पायपीट गेली; ट्रॅक्टर आणि फटफटी आली. कष्ट घटले, ताट मात्र तेवढेच राहिले.

"आम्ही कुठं जाड आहोत?" असे पुष्कळजण म्हणतात. पण काट्याला वजन कळते, उतारा कळत नाही! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आपल्याकडे सडपातळ माणसातही चरबी लपलेली असू शकते. पोटातली चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. त्यातून मधुमेह, रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. जादा वजनाने गुडघेही झिजतात.

यासाठी शिंप्याची टेप पुरे. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषाचा ९० सें.मी. (साधारण साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीचा ८० सें.मी. (साडेएकतीस इंच) याच्या वर असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

आता साखरेचे. आपल्याच कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिणे कोणास खटकेल, पण खरे ते सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीचा हिशेब मांडला, तर वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत हवी. २५ ग्रॅम असेल तर अधिक बरे. दोन-दोन चमचे साखरेचे सहा कप चहा झाले की ५० ग्रॅम तिथेच भरले! गुळालाही हाच हिशेब लागू.

तेव्हा चहाचे कप व त्यातले चमचे कमी करा, ताटात भाजी-उसळ वाढवा, रोज अर्धा तास झपाझप चाला. सभासद कार्डावर साखर मिळते म्हणून ती महिन्यात संपवलीच पाहिजे असे नाही. फडाची पाहणी करता, तशी वर्षातून एकदा घरातल्या सर्वांच्या कमरेचीही करा.